सातशे ग्रॅम

तारेवरच्या बसच्या दारात
आज सकाळी एक तलवार अडकली.
आडवी आत जाईना, उभी छताला टेकली,
तिरकी केली तर कुणा आजोबांची टोपी उडाली.
ड्रायव्हर म्हणाला, हिचं वेगळं तिकीट काढ.
अख्खी बस हसली.
तायलान नाही हसला.
तेरा वर्षांचा माणूस तलवारीवर हसत नसतो.

तीन थांबे चालत आला,
संग्रहालयाच्या पायरीवर ती टेकवून म्हणाला,
काकू, आत नेऊ का?

झोलिंगनमध्ये पात्यांना कोण अडवणार?
मी ती काट्यावर ठेवली.
लांबी दोन मीटर दहा,
पातं कपाटाच्या दाराएवढं रुंद,
फोम, गोंद, चंदेरी रंग, पोटात प्लास्टिकचा पाइप.
सातशे ग्रॅम.
आमच्याकडचा राईचा पाव याहून जड असतो.

"गोष्टीत काय करते ही?"
"डोंगर कापते."
"आणि वाहतो कोण?"
"एकटाच. पाठीवर. एका हातानं उपसतो."
"बरं, उपस."
हात पुरेना.
तो आपल्या हाताकडे असा बघू लागला
की चूक हाताचीच आहे.

मग मी त्याला हातमोजे दिले
आणि चार नंबरचं कपाट उघडलं.
साडेअकराशे ग्रॅम.
तीन बोटं रुंद, टोकाकडे निमुळती होत गेलेली,
मधोमध पन्हळ, बोट फिरवलं तर लागेल न लागेल अशी.
"एवढीच?"
"एवढीच. मारणाऱ्यालाही दमून चालत नाही.
धर. हात लांब कर. घड्याळ बघू नकोस."
पहिलं मिनिट तो नायक होता.
दुसऱ्यात टोक थरथरलं,
तिसऱ्याच्या आधी जमिनीकडे झुकलं.

भिंतीवरची ती दाखवली त्याला,
माझ्याहून उंच, सहा किलोंची.
हिनं माशीसुद्धा मारली नाही.
सरदाराच्या घोड्यापुढे एक धट्टाकट्टा नोकर
ती उभी धरून चालायचा, गावानं बघावं म्हणून.
"म्हणजे माझ्यासारखीच?"
हो रे. तुझ्यासारखीच. फक्त गोंद नाही.

खरं तर इथे थांबायला हवं होतं.
शाळेच्या सहलींना मी एवढंच सांगते.
पण त्यानं विचारलं,
एवढी हलकी केली कशी?

घासून.
खाली वुप्परच्या काठी पाणचक्कीवर दगड फिरायचा,
माणसाहून मोठा, ओला.
माझा पणजोबा त्यावर ओणवा.
पातं भट्टीतून जाड येतं, तायलान.
जाड पातं कुणालाही जमतं.
जेवढं हलकं हवं तेवढं जास्त झिजवायचं,
आणि झिजलेलं कुठंतरी जातंच,
थोडं नदीत, थोडं भाकरीवर,
उरलेलं छातीत.
एकोणचाळिसाव्या वर्षी खोकून गेला.
पणजी चुंबळीवर टोपली घेऊन
तीस पाती चढावरच्या व्यापाऱ्याकडे पोचवायची.
तो मेल्यावरही पोचवायची, दुसऱ्या कुणाची.
पात्याला पाणी चढलं म्हणतात ना,
ते कुठून चढतं हे तिला विचारायला हवं होतं.

तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, माझं टोक मोडलंय,
बसच्या दारात.

माझ्या टेबलावर,
जिथं सोळाव्या शतकाला हात लावताना मी श्वास रोखते,
तिथं फोमचा तुकडा ठेवला,
गोंद लावला, चिमट्यानं दाबून धरला.
श्वास रोखला होता.
सवय.

खिडकीतून दिसला तो परत जाताना,
पुन्हा चालतच.
वळणावर वारं आलं,
पातं शिडासारखं फुगलं
आणि त्याला दोन पावलं मागं ओढलं.
त्यानं दुसरा हात मुठीला लावला,
पाय रोवले.